रिपोर्ट खरा ठरतो तो खाटेपाशी

(बीड जिल्ह्यातल्या नारायणगड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



नगद नारायण महाराजांच्या या गडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो. इथे माणूस कीर्तन ऐकायला येतो, तेव्हा दवाखान्याच्या गोष्टी सांगायला उभं राहताना थोडा संकोच वाटतो. पण ज्या सिस्टरबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी नोकरी आरोग्य केंद्रात आणि कॅज्युअल्टीत गेली. म्हणून मधुमेह, ब्लडप्रेशर हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून मी त्यांच्या हातातल्या कामाबद्दल बोलणार आहे. तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाचं रक्त आपण तपासणीसाठी काढतो. ते कसं काढतो, कशात भरतो आणि लॅबपर्यंत कसं पोहोचवतो, एवढाच आजचा विषय आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट. आमच्याकडे रुग्ण येत नाही, त्याचं रक्त येतं. ज्या हाताने ते काढलं तो हात आम्हाला दिसत नाही. रुग्णाचा दंड किती वेळ बांधून ठेवला होता, त्याच हाताला सलाईन चालू होतं का, यातलं काही रक्ताच्या नळीवर, म्हणजे आमच्या भाषेत बल्बवर, लिहिलेलं नसतं. यंत्र मात्र प्रत्येक बल्बला सारख्याच इमानाने आकडा देतं. खराब रक्ताचाही छापील रिपोर्ट निघतो, तोही दशांश चिन्हासकट, आणि छापलेल्या आकड्यावर माणसाचा फार लवकर विश्वास बसतो.

इटलीत पडुआ नावाचं शहर आहे. तिथल्या रुग्णालयाच्या तातडीच्या लॅबमध्ये मारिओ प्लेबानी आणि पाओलो कारारो या दोघांनी चुकांचा हिशोब मांडला आणि तो १९९७ साली प्रसिद्ध केला. चाळीस हजारांवर तपासण्यांमध्ये १८९ चुका सापडल्या. त्यांतल्या ६८ टक्के चुका नमुना यंत्रात जाण्याच्या आधीच झालेल्या होत्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या चुका होत्या जेमतेम १३ टक्के. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांनी तसाच हिशोब पुन्हा मांडून प्रसिद्ध केला. यंत्रं सुधारली होती, संगणक आले होते. तरी आधीच्या टप्प्यातल्या चुकांचा वाटा ६२ टक्क्यांच्या आसपासच राहिला. आपल्याकडे नवीन यंत्र आलं की फीत कापली जाते, फोटो येतो. रक्त नीट कसं काढावं हे शिकवण्यासाठी दोन दिवस वर्ग घेतला, तर त्याची बातमी होत नाही. पैसा आणि लक्ष दोन्ही यंत्राकडे जातं, आणि चुका होतात खाटेपाशी.

कॅज्युअल्टीतली रात्र तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. १०८ ची गाडी येते. स्ट्रेचर आत येतं, मागे दहा-बारा माणसं. एक डॉक्टर, एक सिस्टर, एक वॉर्डबॉय मामा. सिस्टर बीपी बघतात, विगो लावतात. विगो लागला की त्यातूनच मोठ्या सिरिंजने रक्त ओढून घेतात, सिरिंजला सुई लावून बल्बच्या बुचातून दाबून भरतात, बल्ब जोरात हलवतात आणि मामांच्या हातात देतात. लगेच सलाईन सुरू. हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं आणि त्याच वेळी दुसरी गाडी दारात लागलेली असते. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. रुग्णाला एकदाच टोचावं, वेळ वाचावा, हाच त्यामागचा हेतू असतो. पण या पद्धतीत जवळजवळ प्रत्येक पायरीवर रक्ताच्या लाल पेशी फुटतात.

त्या कशा फुटतात ते नीट समजून घेऊ. विगो म्हणजे शिरेत राहणारी मऊ, बारीक नळी. औषध आत सोडायला ती बनवलेली आहे. तिच्यातून रक्त उलटं जोराने ओढलं, की यात्रेची गर्दी अरुंद दारातून रेटावी तशा पेशी चेंगरतात. सिरिंज जितकी मोठी आणि दट्ट्या जितका जोरात ओढावा, तितकी ओढ वाढते. पुढे तेच रक्त बारीक सुईतून बल्बमध्ये दाबलं की उरलेल्या पेशींवर दुसऱ्यांदा तोच प्रसंग येतो. बल्ब लॅबमध्ये आला की आम्ही तो यंत्रात गरगर फिरवतो. पेशी तळाला बसतात, वर फिकट पिवळा द्रव, म्हणजे सीरम, राहतो. पेशी फुटल्या असतील तर तो द्रव गुलाबी होतो, कधी लालभडक. आम्ही म्हणतो, सॅम्पल हिमोलाईज झालं.

रंग बदलतो एवढ्यावर हे थांबत नाही. लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून अधिक असतं. पेशी फुटली की ते बाहेर येतं. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. साडेसहाच्या पुढे गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून तो आकडा दिसताच डॉक्टर धावपळ करतात आणि ते बरोबरच आहे. आता ते वाढलेलं पोटॅशियम रुग्णाच्या अंगात नसून फक्त बल्बमध्ये असेल, तर नसलेल्या रोगावर उपचार सुरू होतात. इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम खाली आणलं, तर मुळात ते चांगलं असलेल्या माणसाचं खरोखरच खूप खाली जाईल. यकृताच्या एएसटीसारख्या तपासण्याही याच कारणाने वाढीव येतात आणि छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या ट्रोपोनिन या हृदयाच्या तपासणीवरही परिणाम होतो.

असे हिमोलाईज झालेले नमुने एकूण नमुन्यांच्या दोन टक्क्यांच्या आत असावेत, हा अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी मानलेला मापदंड आहे. तिथल्याही तातडीच्या विभागांत प्रमाण त्याच्या कितीतरी पट निघालं, म्हणून झालेल्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी करून २०१२ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विगोतून रक्त घेण्याऐवजी वेगळी सुई टोचून थेट शिरेतून घेतलं, तर नमुना हिमोलाईज होण्याचा धोका सुमारे ८४ टक्क्यांनी घटतो. विगोतूनच घ्यावं लागलं, तर मनगट किंवा पंजाच्या मागच्या शिरेऐवजी कोपराच्या खोबणीतली शीर निवडल्याने तो धोका निम्म्याहून कमी होतो. यासाठी कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही. एक २१ नंबरची सुई आणि आणखी एक मिनिट लागतं.

इथे सिस्टर मंडळी मला नेहमी विचारतात, आणि त्यांचं विचारणं खरं आहे: दोनदा टोचलं तर नातेवाईक अंगावर येतात, त्याचं काय? म्हणून मी आज समोर बसलेल्या नातेवाइकांशीच बोलते. तुमच्या माणसाला सिस्टरने सलाईनसाठी एकदा आणि रक्तासाठी दुसऱ्यांदा टोचलं, तर ती शिकाऊ आहे असं समजू नका. ती नियमाने काम करते आहे. तिला तेवढं मिनिट द्या. हिमोलाईज झालेल्या नमुन्यामुळे तिसऱ्यांदा टोचावं लागतं आणि तोवर तास-दीड तास गेलेला असतो. बीडहून छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. रुग्ण पुढे पाठवायचा की इथेच ठेवायचा हा निर्णय पुष्कळदा त्या एका रिपोर्टवर अडलेला असतो. शहरातल्या माणसाला खराब नमुन्याचा त्रास होतो. आपल्या माणसाला त्यापायी गाडीभाडं, मजुरी आणि वेळ एवढं सगळं मोजावं लागतं.

प्रत्येक वेळी वेगळी सुई शक्य होत नाही, हेही मान्य करू. जुलाबाने सुकलेलं लेकरू असतं, शीर सापडत नाही, आणि सापडलेली शीर सोडणं शहाणपणाचं नसतं. अशा वेळी विगोतून घ्या, पण सलाईन जोडण्याआधी घ्या, लहान सिरिंज वापरा आणि दट्ट्या हळू ओढा. बल्ब भरताना सुई काढा, बूच उघडा, रक्त बल्बच्या कडेने सावकाश उतरू द्या. निर्वात बल्ब असेल तर सुईने दाबू नका, तो स्वतः ओढेल तेवढंच घेऊ द्या. नंतर बल्ब आठ-दहा वेळा हळुवार उलटासुलटा करा. झटकू नका. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटाच्या आत सोडा. स्पिरिट लावलं तर ते सुकू द्या. आणि रुग्णाला "मूठ उघड, मिट, उघड, मिट" असं सांगायची आपली जुनी सवय आहे, ती सोडा. नुसत्या मूठ आवळण्या-सोडण्याने त्या हातातल्या रक्तातलं पोटॅशियम एक-दोन अंकांनी वर जाऊ शकतं आणि हे १९९० पासून छापून आलेलं आहे.

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढू नये, हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि तरी तो मोडला जातो. ग्लुकोजचं सलाईन चालू असलेल्या हातातल्या रक्ताची शुगर सहाशे-सातशे दाखवू शकते. त्याच नमुन्यात हिमोग्लोबिन, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं पातळ होऊन खाली येतं. असा रिपोर्ट हाती आला की अनुभवी टेक्निशियन लगेच ओळखतो. रात्री एकटा असलेला नवखा ओळखेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. रक्त कमी मिळतं, जांभळ्या बुचाचा बल्ब भरून उरतो आणि लाल बुचाचा अर्धा राहतो. मग जांभळ्यातलं थोडं लाल बल्बमध्ये ओतलं जातं. जांभळ्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं आणि तो पोटॅशियमचा क्षार असतो. ओतताक्षणी लाल बल्बमधलं पोटॅशियम आभाळाला भिडतं आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीसं होतं. यासाठी एक क्रम ठरलेला आहे: आधी निळ्या बुचाचा सायट्रेट बल्ब, मग लाल, मग जांभळा आणि शेवटी करड्या बुचाचा शुगरचा. निळा बल्ब खुणेपर्यंत भरलाच पाहिजे, कारण त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग औषध हे माप आधीच घातलेलं असतं. अर्धा भरला तर रक्त गोठायला उशीर लागतो असं खोटंच दिसेल.

रक्त गोठण्याचा विषय निघाला आहे, तर आता मी सापाकडे वळते, कारण आपल्या भागात खाटेपाशी होणारी सगळ्यात महत्त्वाची रक्ततपासणी हीच आहे आणि तिला यंत्र लागतच नाही.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यातली, आणि सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला एक साधी चाचणी आहे. रुग्णाच्या शिरेतलं ताजं रक्त, साधारण दोन मिलिलिटर, काचेच्या नव्या, स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत घ्यायचं. नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची. मग एकदाच आडवी करून बघायचं. रक्त गोठलं असेल तर ते जागचं हलत नाही. पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात भिनलेलं आहे आणि प्रतिविषाची गरज आहे. प्रतिविष दिल्यावर दर सहा तासांनी हीच चाचणी पुन्हा करून पुढचा डोस द्यायचा की नाही ते ठरतं. जिथे रात्री लॅब बंद असते, तिथे माणसाचा जीव या नळीवर अवलंबून असतो.

ही चाचणी बिघडते ती नळीपायी. काचेच्या पृष्ठभागाला रक्त लागलं की गोठण्याची क्रिया सुरू होते, म्हणून काच हवी. आता दवाखान्यात येणारे बल्ब बहुतेक प्लास्टिकचे. घाईत तेच वापरले जातात, नाहीतर इंजेक्शनची रिकामी बाटली साबणाने धुऊन घेतली जाते. साबणाचा अंश राहिलेल्या काचेत चांगलं रक्तही गोठत नाही. मग विष नसलेल्या माणसाला प्रतिविष चढतं, ज्याची रिॲक्शन स्वतःच जीवघेणी होऊ शकते, आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्या वाट्याच्या बाटल्या संपतात. वेळही पाळली जात नाही. कुणी पाच मिनिटांनी नळी हलवून बघतं, कुणी पंधराव्या मिनिटाला वाचून मोकळं होतं, आणि उलट, कुणी बारीक गुठळी पाहून गोठलं असं लिहून टाकतं.

शेजारच्या श्रीलंकेतलं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथे २०१३ साली घोणस चावलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोजच्या कामकाजात केलेली ही चाचणी, रक्त न गोठणाऱ्या शंभरांपैकी फक्त चाळीस जणांना पकडत होती. साठ जण सुटत होते. काहींनी म्हटलं, चाचणीच कुचकामी आहे. पुढे २०१७ मध्ये त्याच देशातला दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शिकवलेल्या माणसांकडून, योग्य काचेच्या नळीत, घड्याळ लावून ती करवून घेतली, तर तिने शंभरांतले ब्याऐंशी पकडले. देश तोच होता आणि चाचणीही तीच. बदलली ती नळी आणि करणाऱ्यांची शिस्त. कुचकामी ठरवलेल्या चाचणीने इतकी माणसं पकडली, हे वाचलं तेव्हा मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी आपल्याकडच्या किती आरोग्य केंद्रांच्या कपाटात काचेची कोरी नळी असेल या विचाराने अस्वस्थही वाटलं.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते इथेच येतं. घोणशीच्या विषाने काही रुग्णांच्या लाल पेशी अंगातच फुटतात. मूत्रपिंड निकामी व्हायला लागतं आणि पोटॅशियम खरोखर वाढतं. अशा रुग्णाचं रक्त कितीही नीट काढलं तरी सीरम गुलाबीच येणार. तो गुलाबी रंग म्हणजे रोगाने दिलेली हाक असते. पण ज्या लॅबमध्ये कॅज्युअल्टीतून रोज दहा-पंधरा गुलाबी नमुने येतात, तिथला टेक्निशियन काय करील? तो सवयीने शिक्का मारील, "हिमोलाइज्ड, रिपीट सॅम्पल", आणि बल्ब फेकून देईल. वाढलेल्या पोटॅशियमकडे डॉक्टरही सवयीने दुर्लक्ष करतील. खराब नमुन्यांची सवय झाली की खरी खूण डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. नमुना चांगला काढण्याचा मोठा फायदा हा आहे, आणि तो पुस्तकात सहसा लिहिलेला नसतो. तुमचे शंभरातले अठ्ठ्याण्णव नमुने स्वच्छ असतील, तर उरलेला गुलाबी बल्ब हातात धरून टेक्निशियन कॅज्युअल्टीला फोन करील आणि विचारील, "सिस्टर, या पेशंटला साप चावलाय का? लघवी काळसर होतेय का?" तो फोन माणूस वाचवतो. लॅबने संशयित नमुना फेकू नये, दुसरा मागवावा, शेजारी ठेवून ताडून बघावा, काचपट्टीवर पेशींचे तुकडे दिसतात का ते पाहावं. दुसराही गुलाबी आला तर दोष काढणाऱ्याचा नाही. तोवर ईसीजी काढावा, कारण पोटॅशियम खरंच वाढलं असेल तर हृदयाचा आलेख ते सांगतो.

खाटेपाशी खरी खूण कशी टिपावी याचं उदाहरण जवळच आहे. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. विंचवाच्या दंशाने धडधाकट पोरं का दगावतात हे त्यांनी खाटेशेजारी बसून, नाडी, घाम, श्वास, रक्तदाब टिपून शोधलं. त्यांची निरीक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली आणि पुढे प्राझोसिनच्या गोळीने हजारो जीव वाचले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातून मी एक धडा घेते: खेड्यातल्या दवाखान्यात मिळणारी माहिती कमी असली तरी चालते, ती खरी असली पाहिजे.

पावसाळ्यानंतर घरोघरी दुसरा शब्द ऐकू येतो, तो म्हणजे प्लेटलेट. ताप आला, प्लेटलेट तीस हजार आल्या, घरात रडारड, उसनवारी करून मोठ्या शहराकडे गाडी. यांतले काही आकडे खरे असतात, ते अंगावर काढू नयेत. पण काही आकडे बल्बमध्ये जन्मतात. शीर सापडेना, सुई फिरवत फिरवत थेंब थेंब रक्त घेतलं, जांभळ्या बल्बमध्ये ते वेळेवर मिसळलं नाही, तर बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट त्यांत अडकतात. यंत्र त्या मोजत नाही. काही लोकांच्या रक्तात तर ईडीटीएशी गाठ पडताच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, त्यांना कोणताच आजार नसतो. म्हणून कमी आकडा आला की काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघितलंच पाहिजे. पुढे पाठवण्याआधी तुम्ही लॅबला विचारा, "काचपट्टी बघितली का?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि चांगल्या टेक्निशियनला त्याचा राग येत नाही.

नावाच्या चिठ्ठीबद्दल थोडक्यात, पण ठासून सांगते. बल्बवर नाव रक्त काढल्यावर, रुग्णाच्या खाटेशेजारीच लिहायचं. आधी लिहून ठेवायचं नाही आणि टेबलावर जाऊनही लिहायचं नाही. एकाच अपघातातली एकाच भावकीतली चार माणसं एका रात्रीत येतात, आडनाव एक, कधी नावही एक. बाईचं माहेरचं नाव आधारकार्डावर आणि सासरचं केसपेपरवर असतं. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर भांबावलेला माणूस हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा. रक्त चढवण्यासाठीच्या नमुन्यात चिठ्ठीची चूक झाली, तर चुकीच्या गटाचं रक्त जातं आणि मग सुधारायला फार थोडा वेळ हातात असतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. उपकेंद्रातून जमा केलेले बल्ब दुचाकीच्या डिकीत तालुक्याला जातात तेव्हा त्यांचं काय होतं, याचा विचार व्हायला हवा. पेशी बाजूला न काढलेल्या रक्तात शुगर तासाला पाच ते सात टक्के उतरत राहते, उष्णतेत जास्तच. म्हणून कुणी बल्ब सरळ बर्फात ठेवतात. त्याने शुगर थोडी टिकते, पण थंडीत पेशींमधलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं आणि सीरमचा रंगही बदलत नाही, म्हणजे चूक लक्षातच येत नाही. पोटॅशियमचा बल्ब बर्फात नको, उन्हातही नको. तो सावलीत, उभा, लवकरात लवकर लॅबला पोहोचवावा. शक्य तिथे आरोग्य केंद्रातच फिरवून सीरम वेगळं करून पाठवावं.

आता कामाची व्यवस्था. हे सगळं एका सिस्टरच्या माथी मारून मोकळं होणं मला मान्य नाही. रात्रपाळीत एका सिस्टरवर पाच-सहा गंभीर रुग्ण असतील तर तिला मिनिट कुठून मिळणार? मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रक्त काढण्यासाठीच नेमलेला माणूस असला पाहिजे, निदान गर्दीच्या वेळांत. जिथे इंटर्न हे काम करतात, तिथे पहिल्या दिवशी त्यांना उभं राहून दाखवावं. एमबीबीएसचा जो नवा अभ्यासक्रम २०१९ मध्ये लागू झाला, त्यात शिरेतून रक्त काढणं हे प्रत्यक्ष करून दाखवण्याच्या कौशल्यांत आहे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्वामीजी स्वतः त्या गावात शिक्षक होते. त्या महाविद्यालयाने जिल्ह्यातल्या सिस्टर, ब्रदर आणि टेक्निशियनना एकत्र बसवून याचं वर्षातून एकदा प्रात्यक्षिक द्यावं, अशी माझी जाहीर विनंती आहे. एकत्र अशासाठी, की एरवी लॅब आणि कॅज्युअल्टी यांची गाठ फोनवर पडते आणि तीही भांडणातच.

यापेक्षाही साधी गोष्ट म्हणजे मोजणं. लॅबमध्ये एक वही ठेवा. नाकारलेला प्रत्येक नमुना, त्याचं कारण, पाळी आणि कुठून काढला, विगोतून की सुईने, एवढं लिहा. महिन्याच्या शेवटी बेरीज करून कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावा. त्यात कुणाचंही नाव नको. नाव लावलं की माणसं नमुने लपवतात, दुसऱ्याच्या पाळीत ढकलतात, वहीच हरवते. आकडे लावले की माणसं आपणहून विचारतात की रात्रपाळीतच जास्त का येतात, पंजाच्या शिरेतलेच का फुटतात. उत्तरही त्यांनाच सापडतं. लॅबनेही नुसतं "रिपीट" लिहून परत पाठवू नये. "पेशी फुटल्या, विगोतून घेतलं होतं का?" असं लिहावं. कारण कळल्याशिवाय सवय बदलत नाही.

शेवटी गावकऱ्यांकडे एक मागणं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात आपलेच सरपंच आणि सदस्य बसतात आणि तिच्या हाती थोडा खर्चाचा अधिकार असतो. पुढच्या बैठकीत एक विषय मांडा: काचेच्या नव्या, कोरड्या परीक्षानळ्यांचा एक बंद डबा, त्याच्यासोबत एक घड्याळ, आणि भिंतीवर वीस मिनिटांच्या चाचणीचा मराठीतला कागद. डबा सर्पदंशाखेरीज कशालाही उघडायचा नाही आणि वापरलेली नळी धुऊन परत ठेवायची नाही, एवढं ठरावात लिहून घ्या. मृग लागायच्या आत हे काम प्रत्येक केंद्रात झालं पाहिजे.